काचेतल्या बाईची थंडी

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१८ नोव्हेंबर २०२४

ती. आत्तीस,
मोनाचा शि. सा. न. वि. वि.

सोबतच्या पिशवीत एक ड्रेस आहे. पिशवी आजऱ्याच्या एसटीतून कंडक्टरकाकांच्या हाती येईल, त्यांना चहा पाज. फोनच केला असता, पण तू शिलाई मशीन बंद न करता बोलतेस आणि मला तुझ्यापेक्षा मशीनच जास्त ऐकू येतं. म्हणून पत्र.

दुकानात माझी बढती झाली म्हणायला हरकत नाही. आमचे मालक उदयसिंह यांनी दिवाळीनंतरचा माल या वेळी मला निवडू दिला, आणि रस्त्याकडची काचेची शोकेसही माझ्या ताब्यात दिली. मी उत्साहाच्या भरात स्लिप ड्रेस मागवले. म्हणजे बिनबाहीचा, खांद्यावर दोऱ्यासारख्या पट्ट्या, सळसळीत सॅटिन, घोट्यापर्यंत सरळ. दिसतो फार सुंदर. पण माल आला आणि थंडी पडली, दोन्ही एकाच आठवड्यात. गिऱ्हाईक हात लावून बघतं, गार लागतं म्हणतं आणि स्वेटरांकडे वळतं. नाताळपर्यंत ड्रेस हलले नाहीत तर शोकेस आणि खरेदी दोन्ही माझ्याकडून जाणार आणि मी पुन्हा ओढण्यांच्या घड्या घालत बसणार, असं उदयसिंहांनी हसत हसत सांगितलंय. ते हसून सांगतात तेव्हा ते खरं असतं.

तर आत्ती, या थंडीत चालेल असं वरून घालायचं काहीतरी शिवून दे. शोकेसमधल्या पुतळ्यावर चढवीन. पप्पांना मात्र यातलं काही बोलू नकोस. त्यांच्या समजुतीप्रमाणे आमच्या दुकानात फक्त साड्या आणि पंजाबी ड्रेस मिळतात.

तुझा लोभ आहेच, थंडीपुरता थोडा वाढव.

तुझी भाची,
मोना


आजरा
२३ नोव्हेंबर २०२४

चि. मोनास अ. आ.

पिशवी पोचली. कंडक्टरला चहा पाजला, त्यानं वर भजीही मागितली. इकडे सगळे खुशाल. भात काढून झाला, गार वारं सुटलंय आणि शेकोटीला लाकडं कमी, गप्पा जास्त आहेत.

पोरी, तू लहानपणापासून वेंधळी ती वेंधळीच राहिलीस. पिशवीत नुसतं अस्तर आलंय, वरचा ड्रेस तुझ्याकडंच राहिला. पत्रातलं वर्णन मी पुन्हा वाचलं. बिनबाहीचं, दोऱ्यासारख्या पट्ट्या, सळसळीत, सरळ. सगळं बरोबर आहे, पण ते अस्तराचं वर्णन आहे. निम्मं आयुष्य ब्लाउज आणि फ्रॉक शिवण्यात गेलं माझं, मला अस्तर ओळखायला शिकवू नकोस.

तुझं काम अडलंय म्हणून ड्रेसची वाट बघत बसले नाही. वरून घालायचं काहीतरी शिव असं तूच लिहिलंस, म्हणून अख्खा ड्रेसच शिवला. चॉकलेटी गरम कापड पडून होतं. लांब बाह्या, बंद गळा, कॉलर, दोन खिसे. अस्तर आतून दुहेरी शिलाईनं बसवलंय, बैल जुंपले तरी निघायचं नाही.

बाळासोला मी काही सांगत नाही. पण तुझा बाप पेठेत राहतो, हिमालयात नाही, आणि तुझं दुकान आहे ती राजारामपुरी म्हणजे काही विलायत नव्हे. पुढचं तू बघ.

आशीर्वाद आहेतच, त्याला अस्तर लागत नाही.

तुझी आत्ती,
बायडा


शिवाजी पेठ, कोल्हापूर
१ डिसेंबर २०२४

ती. आत्तीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा ड्रेस उघडला तेव्हा माझ्याबरोबर काम करणारी शिफा हसून हसून जमिनीवर बसली. आत्ती, ते अस्तर नव्हतं. तोच ड्रेस होता. तेवढाच असतो तो. तू तो आत गाडून टाकलास आणि वर शाळेच्या बाईंना शोभेल असा कोट चढवलास. उसवायला अख्खी दुपार गेली आणि सॅटिनवर सुईची भोकं राहिली ती राहिलीच. रागावले होते, खरं सांगते. मग कॉलर बघितली आणि राग गेला. कॉलर फार सुबक बसलीय.

तोवर शोकेसमधल्या पुतळ्याला नुसताच ड्रेस घातला होता. एक धोतरवाले आजोबा आत आले आणि उदयसिंहांना म्हणाले, पावणं, त्या बाईला थंडी वाजत न्हाय व्हय, काचंतनं आत तरी घ्या की तिला. दुकानभर हशा पिकला, मी सोडून.

मग शिफा आणि मी हात धुऊन त्या ड्रेसच्या मागे लागलो. जीन्सचं जॅकेट घातलं, बरं दिसलं, पण गळा उघडा तो उघडाच. मोठा स्वेटर घातला तर बाईचं बोचकं झालं. स्वेटर कमरेपाशीच संपला पाहिजे हे तेव्हा कळलं. शेवटी शिफा म्हणाली की वरून घालून भागत नाही तर आतून घालून बघू. लोकरीचा बंद गळ्याचा टी-शर्ट आत घातला, तर सॅटिन त्याला चिकटून वर चढायला लागलं आणि चटचट आवाज. लोकर काढून सुती घातला, काळा, लांब बाह्यांचा, अंगासरसा. खाली जाड पायमोजे आणि कॅनव्हासचे बूट, वर आखूड स्वेटर. आत्ती, काय दिसतंय म्हणून सांगू.

पण विकला एकही गेला नाही. बायका थांबतात, बघतात, चांगलं आहे म्हणतात आणि पुतळ्याला काय, काहीही शोभतं म्हणून पुढे जातात. नाताळ तोंडावर आला. मला आता खरंच भीती वाटायला लागलीय.

रागावली नसशील तर उत्तर लिही, रागावली असशील तर लवकर लिही.

तुझी,
मोना


आजरा
६ डिसेंबर २०२४

चि. मोनास अ. आ.

चुकले म्हणणार नाही. गल्लीतल्या बायकांना विचारलं, निम्म्या माझ्या बाजूनं आहेत. उरलेल्या तुझ्या बाजूनं आहेत असं नाही, त्यांना ते गाऊन वाटलं.

आता एक विचारते. तू स्वतः घातलास का तो ड्रेस, एकदा तरी? नसशील. लोक बरोबरच म्हणतात. पुतळ्याला ना बाप ना पेठ, त्याला काय कुणाची भीती? जे आपण घालून दाराबाहेर पडत नाही, ते दुसऱ्याच्या पोरीला घाल म्हणून सांगायचं कुठल्या तोंडानं?

शेतात भांगलणीला जाणाऱ्या बाया थंडीत साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट घालतात. कोण हसतं? रोज घातला म्हणून डोळ्यांना सवय झाली. मी लग्नाआधी पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला तेव्हा तुझ्या बापानं माझ्याशी अबोला धरला होता. मग त्यालाच माझ्या हातचं माशाचं कालवण पाहिजे होतं, म्हणून सुटला. तो तसाच आहे. भित्रा आहे, वाईट नाही.

तेव्हा घाल आणि जा. नाहीतर ओढण्यांच्या घड्या घाल, तेही वाईट काम नाही.

माया कमी झालेली नाही, धाक तेवढा वाढवलाय.

तुझी आत्ती,
बायडा


शिवाजी पेठ, कोल्हापूर
१६ डिसेंबर २०२४

ती. आत्तीस,
शि. सा. न. वि. वि.

घातला. भोकांचाच घातला, म्हटलं विकायचा तर तो नाहीच. आत काळा सुती टी-शर्ट, वर मम्मीचा जुना आखूड स्वेटर, केस बांधलेले. आरशासमोर धीर होता, जिना उतरेपर्यंत तो संपला.

पप्पा दारात चहा पीत बसले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी थांबले. ते म्हणाले, गाडीच्या चाकात अडकंल, वर धर. एवढंच. आणि पेपर तोंडासमोर धरला.

तालमीच्या कट्ट्यावर पोरं फुटबॉलवरून भांडत होती, ती गप्प झाली. मग त्यांच्यातल्या राजवर्धननं विचारलं, मोनाताई, लगीन कुणाचं हाय? मी म्हटलं, कुणाचं नाही, कामावर चाललेय. लगेच त्यांचं भांडण पुन्हा सुरू झालं. एवढ्यासाठी मी रात्रभर जागी होते.

दुकानात मात्र बायकांनी मला घेरलं. आतला टी-शर्ट कुठला, थंडी लागते का, बसताना वर येतो का, गाडी चालवता येते का. मी बसून दाखवलं, वाकून दाखवलं, गाडीही चालवून दाखवली. कॉलेजच्या मुली आल्या, एका बाईंनी सुनेसाठी नेला, एका बँकेतल्या मॅडमनी स्वतःसाठी, आणि हळूच विचारलं की माझ्या वयाला चालेल ना. मोजके उरलेत, तेही जातील. उन्हाळ्याचा मालही मीच निवडायचा, असं उदयसिंह म्हणाले, आणि या वेळी हसले नाहीत.

सगळं झालं आत्ती, पण पप्पा त्या दिवसापासून बोलत नाहीत. म्हणजे भाजी दे, दार लाव एवढं बोलतात. मम्मी म्हणते सोडून दे. मला सोडवत नाही. शोकेस मिळाली, पण त्यांना माझी लाज वाटत असेल तर मला तिचं काही सुख नाही. पुन्हा तो ड्रेस घालायचं धाडस झालेलं नाही. काय करू ते सांग.

तुझ्या लोभाची आज जरा जास्तच गरज आहे.

तुझी,
मोना


आजरा
२२ डिसेंबर २०२४

चि. मोनास अ. आ.

काल बाळासो आला होता. घनसाळ तांदूळ न्यायला आलो म्हणाला. तांदूळ मी मागच्याच महिन्यात पाठवलाय, तरी त्याला ताट वाढलं. जेवला, उसाचे भाव सांगितले, गुडघा दुखतो म्हणाला.

मग पिशवीतनं कोटाचं राखाडी लोकरी कापड काढून माझ्या मशीनवर ठेवलं. कुठल्याशा लग्नात त्याला आहेर आलेला, स्वतःला कोट शिवायचा म्हणून जपून ठेवलं होतं. म्हणाला, पोरगी गाडीवर जाती, वारं लई असतंय, तिच्या त्या ड्रेसचं कापड अगदीच पातळ हाय, त्याच्यावर घालाय कायतर शिव. मी विचारलं, तिच्याशी बोलत का नाहीस? तर म्हणाला, काय बोलायचं तेच कळंना. एवढी देखणी दिसत हुती, मला वाटलं कुणा दुसऱ्याचीच पोरगी जिना उतरून आली. एवढं बोलून तो अंगणातल्या कोंबड्यांना दाणे टाकायला उठला. हे तुला सांगू नको म्हणाला, म्हणून कळवते.

तुझं माप त्यानं हातांनी दाखवलं, त्या मापात सहावीतली पोरगीसुद्धा बसायची नाही. तेव्हा माप लिहून पाठव, आणि कोट कसा पाहिजे तेही. या वेळी तू सांगशील तसंच शिवीन.

एसटीत चढताना त्यानं सांगितलं की बाह्या जरा लांब ठेव. मी बरं म्हटलं. गाडी सुटली, तरी खिडकीतनं डोकं बाहेर काढून ओरडला की न्हाय, न्हाय, तिला पायजे तशा ठेव.

दोघांचेही आशीर्वाद, एकाचे चोरून.

तुझी आत्ती,
बायडा