महालक्ष्म्यांच्या दोन साड्या

नेपियर टाउन, जबलपूर
१२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. समिधा हिला थोरल्या जावेचे अनेक आशीर्वाद.

नागपुरात सगळे बरे असाल. आम्ही मजेत. फोनवर तू "हो वहिनी, अच्छा वहिनी" करून सुटतेस, म्हणून कागद घेतला.

आधी माझ्या कमरेचं ऐक. इतकी वर्षं सगळे मला म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं. अगं, अंगण खरंच वाकडं होतं! शेवटच्या मणक्याचं एक टोक जन्मापासूनच जास्त वाढलेलं, खालच्या हाडावर घासत होतं. डॉक्टर स्कॅन दाखवून म्हणाले, "आंटीजी, ये तो जन्म से है." मी तिथेच रडले, आनंदाने. दुखणं खरं निघालं ना! ऑपरेशनच्या टेबलावर पुन्हा स्कॅन काढला आणि ऑटोवाले मोबाइलवर रस्ता बघतात तसं पडद्यावर बघत, इवल्याशा छेदातून तेवढंच हाड काढलं म्हणे.

आता मी खाली मांडी घालून भाजी निवडते. परवा चमचा पडला तर हे धावत आले, "काहून वाकून राहिली? मी देतो ना!" तोवर चमचा माझ्या हातात.

मग काल बड्या फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन महालक्ष्म्यांसाठी दोन जरीच्या साड्या घेतल्या. दुकानदाराला थाटात सांगितलं, "इस साल हमारे घर आएँगी." कमरेमुळेच तर मुखवटे तुझ्याकडे पाठवले होते. मला ते परत हवे होते, समिधा. फार हवे होते. हे पत्र खरं तर मुखवटे न्यायला येते, हे कळवायलाच घेतलं.

पण गेल्या आठवड्यात तू म्हणालीस, "वहिनी, तुम्ही बऱ्या झाल्या, आता मुखवटे घेऊन जा," आणि कुकरचं निमित्त काढून फोन ठेवलास. कुकरची शिट्टी झालीच नव्हती; मुखवटे तुला सोडवत नाहीत, हे मला कळलं होतं. मीच न कळल्यासारखं केलं. पहिल्या वर्षी पुरण पातळ झालं म्हणून तू ओट्यापाशी रडलीस. गेल्या वर्षी सोळा भाज्या एकटीने रांधल्यास, आणि मला खुर्चीत बसवून पहिलं कुंकू माझ्या हातून लावून घेतलंस. अशा घरातून त्यांना कशाला उठवायचं?

मुखवटे तुझ्याकडेच राहू देत. महालक्ष्म्याही आपल्यासारख्या थोरली-धाकटीच, एकीवाचून दुसरी बसत नाही. म्हणून मीच दोन दिवस आधी येते. साड्या मी नेसवणार, पुरण मी वाटणार, आणि आरती झाली की तू-मी फुगडी. डॉक्टरांना विचारलं, तर हसून म्हणाले, "धीरे-धीरे." धीरे-धीरे कोण घालतं गं फुगडी!

तुझ्या घरच्या महालक्ष्म्यांपुढे यंदा पूर्ण वाकून नमस्कार करणारी,
तुझी थोरली,
विनता