लाभ, दोन, तीन

मंगळवार, ४ मार्च

तू मधे बोलू नकोस! वही आहेस, वहीसारखी गप्प पड. मला शांत व्हायचंच नाही.

नंदिनीचं नाव नाही. पात्रमध्ये नाही, अपात्रमध्ये पण नाही! अमृत सुभेदारांनी रहिमतपुरात पोलीस भरती अकादमी काढलीय, तिथं फुकटच्या बॅचसाठी बेचाळीस पोरींची उंची घेतली. माझी बहीण सगळ्यात आधी रांगेत — एक नंबर तिचा. उंची एकशे एकसष्ट. लागते एकशे पंचावन्न. आणि यादीतून गायब!

यादी काढायचा प्रोग्राम मीच करून दिला. साताऱ्याच्या क्लासला तीन आठवडे जावास्क्रिप्ट शिकून. साधा लूप — एकेकीची उंची घ्यायची, >= 155 असेल तर पात्र, नाहीतर अपात्र, पुढची. मशीन वशिला बघत नाही. माणूस बघतो.

भर ग्राऊंडवर विचारलं. सुभेदार म्हणाले, "मी कशाला काढू रं? तुझ्याच मशीननं काढलंय." वर हसले — "आन् शेवटाला ही अनडिफाइन्ड कोण हाय? कुठल्या गावची?" सगळं ग्राऊंड खिदळलं.

मग मी पण सोडलं नाही. वशिलेबाज म्हणालो. खोटारडे म्हणालो. सगळ्यांसमोर. लय बरं वाटलं!

बुधवार, ५ मार्च

नंदिनी जेवली नाही. माझ्याशी बोलत नाही. माझ्याशी का?

गुरुवार, ६ मार्च

क्लासच्या मयूरी मॅडमना सगळं सांगितलं. "कोड आणलायस?" एवढंच विचारलं त्यांनी. नाही आणला! चूक तिकडं, आणि कोड माझा तपासायचा? कथा लिहिताना शेवट आधी लिहून मग सुरुवात शोधणारा माणूस मी — मला एक लूप जमणार नाही?

शनिवार, ८ मार्च

राहीबाई आत्ती दारात शाळू मापत होती. "लाभ… दोन… तीन…"

पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लहानपणी चिडवायचो — आत्ती, एक कुठं गेला? ती म्हणायची, "पयलं माप येगळं असतंय बाबा."

पहिलं माप!

लॅपटॉप उघडला. i = 1; i <= 42.

गाढव! मशीन शून्यापासून मोजतं. पहिली पोरगी शून्यावर होती, माझा लूप एकपासून सुटला — सख्ख्या बहिणीला ओलांडून. आणि < पाहिजे तिथं <= ठोकलं, म्हणून शेवटी एक पाऊल जास्त पडलं. जी पोरगी नाहीच, तिची पण उंची बघितली; काहीच सापडलं नाही की मशीन लिहितं: अनडिफाइन्ड. अपात्र.

रविवार, ९ मार्च

नंदिनीला सांगितलं. तिनं तव्यावरनं नजर पण काढली नाही.

"म्हाईताय मला. सुभेदारांनी त्याच दिवशी माझं नाव हातानं लिवलं. तू यायच्या आधीच. तू त्यांना सांगू दिलंस कुठं?"

मग गेली का नाहीस?

"तू एवढं बोललास त्यांना, दादा. कुठल्या तोंडानं जाऊ?"

सोमवार, १० मार्च

सहाला ग्राऊंडवर हजेरी. आजही नाही गेली तर नाव कटणार. तिचे बूट दारात काढून ठेवलेत. मी पुढं जातोय — सगळ्यांसमोर, जेवढ्या मोठ्यानं तेव्हा बोललो तेवढ्याच मोठ्यानं चूक माझी म्हणायला. आतनं ती विचारतीय, "कुठं निघालास?"

निघालो.