खाली बसा

गुरुवार, १३ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,

धाकटीचा नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत. तू कशी आहेस ते मावशींना सविस्तर लिहायला सांग, स्वतः उठून लिहायला बसू नकोस. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय म्हणजे पडूनच राहायचं. मागच्या दोन्ही वेळचं आठव आणि या खेपेला तरी कुणाचं ऐक. भावजींच्या मावशी इतक्या मायेने करतायत तर करून घे. 'लोळून लोळून माझी गादी झालीय' हे तुझं वाक्य बाबांना फार आवडलं. त्यांना ऐकू जावं म्हणून मला ते ओरडून वाचावं लागलं, त्यामुळे तुझी गादी झाल्याचं आता सगळ्या आळीला माहीत आहे.

तात्याची ओळ नाही म्हणून रुसू नकोस. त्याच्या बोटात सुई घुसलीय. शिंप्याच्या बोटात सुई जाणं म्हणजे आचाऱ्याने उपाशी झोपण्यासारखं, पण झालं खरं. शहरात गडबड असल्यामुळे दुकानही बंद आहे. भावजींना बंदोबस्ताचं काम फार पडतं. आज दुपारी भेटले होते. बरे आहेत. तुझी चौकशी केली.

वॉर्डात एकही खाट रिकामी नाही. हे चार शब्द लिहितानाही दोनदा उठावं लागलं. कागदाला औषधाचा वास येईल, तो माझ्या हातांचा.

पत्र थोडक्यात आवरते.

तुझी,
धाकटी


गुरुवार, २० ऑगस्ट

ती. सौ. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र आलं. अक्षर तुझंच होतं, म्हणजे तू उठून बसलीस. मावशींच्या घरी कुणी वर्तमानपत्र आणलं आणि तुला वाचून दाखवलं, त्याचे कान उपटायला हवेत.

कचेरीसमोर मोर्चावर गोळीबार झाला हे खरं आहे. तात्या मोर्चात होता हेही खरं. तुला उगाच घोर नको म्हणून मी सुईचं लिहिलं. त्याला लागलं होतं. आमच्याच इस्पितळात आणलं, मी जवळच होते. आता त्याला काही दुखत नाही, एवढं मी तुला अगदी खरं सांगते.

भावजी त्या दिवशी कुठे होते, असं तू विचारलंस. पोलिसांच्या कामाचं मला काय कळतं? सध्या ते इथे नाहीत. पत्ता नक्की झाला की कळवीन. ते पत्र लिहीत नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, त्यांना लिहायची परवानगी नाही.

बाबा बरे आहेत. जेवण जरा कमी झालंय. वय झालं.

ताई, तू फक्त पोटातल्या जिवाकडे बघ. बाकीचं सगळं मी इथे सांभाळते. मला आता जास्त लिहिता येत नाही.

तुझी,
धाकटी


शनिवार, १२ सप्टेंबर

प्रिय ताई,

मुलगा झाल्याची तार पोचली. तू सुखरूप आहेस आणि बाळ रडतंय जोरात, हे मावशींच्या पत्रातही वाचलं. बाबांना मी ते कानाशी तोंड नेऊन सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून बराच वेळ बसले.

त्या पत्राच्या खाली तू तुझ्या हाताने लिहिलंस, 'मामाची ओळ नाही, बापाची ओळ नाही. तू मला फसवतेयस. आता मी बाळंतीण झाले, आता खरं लिही.' म्हणून लिहिते. हे पत्र टपालाने पाठवत नाही. टपाल फोडून वाचतात. आमच्या वॉर्डातली एक नर्स तुमच्या बाजूला माहेरी चाललीय, ती तुझ्या हातात देईल. बाळ मावशींकडे दे आणि मग वाच.

तात्या गेला, ताई. माझं पहिलं पत्र तू वाचलं असशील, त्याच्या आधीच गेला. ते पत्र मी त्याच्या खाटेशी बसून लिहिलं होतं. 'ताईला सुईचं सांग' हे त्यानेच सुचवलं. दुसरं लिहिलं तेव्हा तो या जगात नव्हता.

आता कसं झालं ते सांगते.

तात्याने खाकी शिवायचं सोडल्याचं तुला माहीत आहे. पोलीस लाइनीचं एवढं मोठं बांधलेलं गिऱ्हाईक त्याने एका दिवसात तोडलं आणि झेंडे शिवायला बसला. भावजींनी कधी त्याला अडवलं नाही. हवालदाराचा मेहुणा झेंडे शिवतो म्हणून लाइनीत त्यांना टोमणे बसत, ते घरी आल्यावर हसत सांगायचे. तू मावशींकडे गेल्यावर ते रविवारी आमच्याकडे जेवायला येत. एका रविवारी तात्या म्हणाला, "भावजी, आम्ही कचेरीवर जाणार. गोऱ्यांना सांगणार, आमचा देश सोडून जा. तुम्ही समोर असलात तर?"

भावजी जेवता जेवता म्हणाले, "समोर असेनच. ऐक, बंदुका वर झाल्या की उभा राहू नकोस. पळूही नकोस, पळणाऱ्याच्या पाठीत बसते. खाली बस. आपली माणसं पहिली फैर डोक्यावरून मारतात. कुणाला हौस नसते."

मी वाढत होते. मला ते ऐकून बरंच वाटलं होतं. घरातलंच माणूस घरातल्या माणसाला संभाळून घेतंय असं वाटलं.

बुधवारी मोर्चा निघाला. बायका, कॉलेजची मुलं, गिरणीतले कामगार, रस्ता भरून गेला होता. कचेरीच्या फाटकासमोर पोलिसांची रांग होती आणि रांगेत भावजी. गोऱ्या साहेबाने मागे फिरायला सांगितलं. कुणी फिरलं नाही. बंदुका वर झाल्या तेव्हा तात्या पुढे येऊन सगळ्यांकडे तोंड करून ओरडला, "खाली बसा. कुणी पळू नका, खाली बसा." लोकांनी ऐकलं. पुढचे सगळे रस्त्यावर बसले. तोही बसला.

आणि साहेब रांगेतून चालत गेला. ज्याची बंदूक उंच दिसली तिची नळी त्याने हातातल्या छडीने खाली दाबली. एकेकाची. मग हुकूम दिला.

उभे असते तर पायांना लागलं असतं, ताई. बसलेल्यांच्या पोटाला आणि छातीला लागलं.

आमच्याकडे माणसं हातगाड्यांवरून, दारांच्या फळ्यांवरून आली. मी एकाच्या जखमेत बोळा धरून बसले होते. पलीकडच्या फळीवरून आवाज आला, "धाकटे, इकडेही बघ जरा." एवढ्या शांतपणे, जशी मी त्याला चहा द्यायची विसरले होते. डॉक्टरांनी त्याचं पोट उघडलं. मी आत उभी होते, मला बाहेर जा म्हणाले तरी गेले नाही. गोळी काढली, पण आतडं फाटलं होतं. हात धुताना डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाणी मागेल. देऊ नका. नुसते ओठ ओले करा." एवढी वर्षं नर्सचं काम केल्यावर त्याचा अर्थ मला सांगायला नको होता.

गुरुवारी दुपारी भावजी आले. जखमींच्या वॉर्डाला पहारा होता, बाबांनाही आत सोडलं नव्हतं. भावजींना पहाऱ्यावरच्या शिपायाने सलाम ठोकून वाट दिली. मला वाटलं, आता आपलं माणूस आलं, आता काही धावपळ करतील, मोठ्या डॉक्टरांना गाठतील. मी स्टूल पुढे सरकवलं. ते बसले नाहीत. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले.

तात्याने डोळे उघडले. "कॉलर टोचत नाही ना आता? मागच्या वेळी सैल करून दिली होती."

भावजी म्हणाले, "तात्या, मी होतो."

"पाहिलं मी."

"मी डोक्यावरून मारायला गेलो. तुमच्या वरून, आभाळात. तेवढ्यात त्याने नळी..." त्यांनी हाताने नळी दाबल्यासारखं केलं. मग म्हणाले, "नंतर बघितली तेव्हा बंदूक रिकामी होती."

"सगळ्यांचीच असेल," तात्या म्हणाला.

मी हातातला ट्रे खाली ठेवला. तोवर मला माहीत नव्हतं.

"खाली बस म्हणून मीच तुला सांगितलं," भावजी म्हणाले.

"आणि मी सगळ्यांना सांगितलं. त्यातले कितीतरी इथेच आहेत, बघा ना." त्याला धाप लागली. मी त्याला गप्प राहायला सांगितलं, तर माझा हात बाजूला केला. "झालं ते झालं, भावजी. मी काही तुमच्यावर डूख धरून जाणार नाही. पण एक सांगा. उद्या परत हुकूम आला तर?"

भावजी खाटेच्या दांडीवरचा पोपडा नखाने काढत राहिले. तात्या वाट बघत राहिला. बोलताना त्याच्या कपाळावर येणारी ती आठी तुला माहीत आहे, लहानपणी जिच्यामुळे आईने त्याला तात्या म्हणायला सुरुवात केली, तशीच्या तशी होती. मग पहाऱ्यावरच्या शिपायाने दारातून हाक मारली आणि भावजी गेले. मी त्यांच्या मागे व्हरांड्यात गेले. मी विचारलं, "ताईला काय लिहू?" ते म्हणाले, "मी बरा आहे म्हणून लिही." मी तेच लिहिलं.

शुक्रवारी सकाळी, औषधांची फेरी चालू असताना, तात्या गेला. शेवटी फार बोलला नाही. एकदा दुकानाच्या किल्ल्या कुठे ते विचारलं आणि एकदा, भावजी आले का म्हणून. मी नाही म्हटलं.

त्याच सकाळी पोलीस लाइनीत परेड होती. लोक बुधवारच्या गोळीबारातल्या प्रेतांसाठी चौकात जमले होते आणि त्यांना पांगवायचा हुकूम निघाला. भावजी रांगेतून पुढे आले, बंदूक साहेबाच्या पायांशी जमिनीवर ठेवली, पट्टा काढून वर ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसले. म्हणाले, "माझ्याच्याने होणार नाही." त्यांच्या मागोमाग आणखी दोघे बसले. त्यांना फटके मारत नेलं, असं बघणारे सांगतात. नोकरी गेली, खोली काढून घेतली, खटला म्हणावा असा झालाच नाही. सक्तमजुरीची शिक्षा झालीय. तुझी भांडी आणि पाळण्यासाठी शिवून ठेवलेले कपडे मी घरी आणलेत.

मला ही बातमी दुपारी कळली. तोवर तात्याला आम्ही उचललं होतं. त्याला उत्तर हवं होतं, ते सकाळीच तयार होतं, आणि पोचलं नाही. मला सगळ्यात जास्त काय सलतं विचारशील तर हेच. त्याने विचारायला नको होतं किंवा भावजींनी तिथेच सांगायला हवं होतं.

बाबांना सगळं माहीत नाही. जावयाने बंदूक टाकली एवढंच त्यांना कळलंय. आल्यागेल्याला सांगतात, "मुलगा देशासाठी गेला आणि जावयाने नोकरीवर लाथ मारली." लोक त्यांच्या पाया पडतात. मी आत जाऊन चुलीपाशी उभी राहते. त्यांना ऐकू येत नाही हे एका परीने बरंच, बाहेर काहीजण दुसरंही बोलतात.

तुरुंगात भेटायला मीच जाते, दुसरं कोण जाणार? पहिल्यांदा गेले ती त्यांच्या तोंडावर बोलायचं म्हणूनच. रस्ताभर वाक्यं जुळवली होती. जाळीपलीकडे ते आले तेव्हा एक डोळा सुजून मिटला होता आणि हाताला कापड गुंडाळलेलं, तेही मळकं. मी म्हणाले, "हे असं बांधतात का?" आणि पहारेकऱ्याची विनवणी करून नवीन पट्टी आत पाठवली. वाक्यं तशीच राहिली. ताई, मी त्यांना क्षमा केलेली नाही. जमेल की नाही तेही माहीत नाही. पण स्वच्छ कपडे घेऊन जाते. या दोन्ही गोष्टी एका माणसाकडून कशा होतात, मला विचारू नकोस.

तुला कळवायला त्यांनीच सांगितलं. म्हणाले, "तिला सगळं कळव. आडपडदा ठेवू नकोस. मग यावंसं वाटलं तर येईल." त्यांच्या गोळीनेच तात्या गेला का, हे कुणालाच कधी कळणार नाही. डॉक्टरांनी काढलेली गोळी मी बघितली होती. त्या सगळ्या सारख्याच असतात. भावजी मात्र ती आपलीच धरून चाललेत.

मुलगा झाल्याचं मी त्यांना जाळीतून सांगितलं. ते खाली बघत होते. म्हणाले, "त्याला तात्याचं खरं नाव द्या." मी निरोप पोचवला.

पण माझं मत विचारशील तर देऊ नकोस. एक दिवस ते सुटतील. मग दिवसातून दहा वेळा त्या नावाने हाक मारावी लागेल. त्यांची जीभ अडखळेल, आपण चमकून मागे बघू, आणि ते पोर दारात उभं राहून विचारेल, मी काय केलं म्हणून. त्याने काहीच केलेलं नाही. त्याला त्याचं स्वतःचं, कुणाचंच नसलेलं नाव असू दे.

तू इकडे यायचं ठरवलंस तर मी स्टेशनवर येईन. तुरुंगात त्यांना भेटायला जायचं म्हणालीस तर फाटकापर्यंत सोबत येईन. नाही जायचं म्हणालीस तरी एका शब्दाने विचारणार नाही. रडायचं असेल तेवढं रडून घे, पण उपाशी राहू नकोस, बाळ अंगावर पितंय.

बाळाची एकुलती एक मावशी, आता मामाच्या वाटची हाकही मारायला उरलेली,
तुझी धाकटी