माझ्या घरामुळे अडलेलं तुझं घर

प्रिय ओकुमू,

तुझा ट्रक आला त्या सकाळी मी ज्वारीत तण काढत होतो. ड्रायव्हरने माझं नाव विचारलं आणि मी काही बोलायच्या आत आईच्या अंगणात दगड ओतायला सुरुवातही केली. खुरपं माझ्या हातातच होतं. तुला फोन केला तर तू म्हणालास, "दादा, तुला काय करायचंय? तू फक्त त्या घरात राहायला जा." तेव्हापासून मी चिडलेला आहे. चिडून पत्र लिहायचं नाही असं ठरवलं, त्यातच इतके महिने गेले. राग मात्र अजून पुरता गेलेला नाही.

तुझी अडचण मला कळत नाही असं नाही. मोठा भाऊ बापाचं अंगण सोडून स्वतःचं घर बांधत नाही, तोवर धाकट्याने पाया खणायचा नाही, ही आपली लुओ जमातीची रीत. आई अंथरुणाला खिळून होती तोवर मला निघता आलं नाही, आणि ती गेल्यावर निघावंसं वाटलं नाही. फाटकाजवळच्या तरुणपणीच्या त्याच झोपडीत मी पन्नाशीला आलो. तिकडे नैरोबीत तू गाड्या-घोड्यांचा धनी झालास आणि माझ्यामागे अडकलास. म्हणून माझ्यासाठी दगडाचं, फरशीचं घर बांधायचं ठरवलंस, मला न विचारता. त्यात राहणार मी, पण ते होतं तुझ्या घराची पायरी. मला कुणाची पायरी व्हायला लाज वाटत नाही रे; निदान पाय ठेवण्याआधी खाली बघायचं होतंस.

नाताळात सगळ्यांसमोर तू म्हणालास, "येशूपेक्षा तुझ्याकडे एक खाट जास्त आहे दादा, राहा खूष." सगळे हसले, मीही हसलो. ओगोला काका तेवढे म्हणाले, "हसतोस काय ओबुया, तुलाच म्हणतोय तो." माझं समाधान म्हणजे हरलेल्या माणसाची सबब, असं तुला वाटतं. तसं नाही, हे मला तुला कधी सांगता आलं नाही.

आज सांगून पाहतो. पेरेझ आणि मी पहाटे दाराशी बसून प्रार्थना करतो. तुझी वहिनी मोठ्याने करते, मी मनात. बसायचो मागायला म्हणून, आणि उठायचो आभार मानून. प्रभूसमोर बसलं की घरात काय नाही ते आठवायचंच नाही. पिठाची उगाली आणि भाजी झाली, पोरी आपापल्या घरी सुखी आहेत, एवढ्यानेच ओंजळ भरायची. हीच माझी कमाई होती, आणि दगड आल्यापासून ती जायला लागली. डोळे मिटले की दगडच दिसायचे. बाजारात लोक विचारायचे, साहेबांचा बंगला कधी? एके पहाटे तर माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "प्रभू, सिमेंट." पेरेझला हसू आवरेना. मला मात्र रडू आलं. मग ती म्हणाली, "रीत घर मागते. दगडाचंच हवं असं कोण म्हणालं?"

मी काकांकडे गेलो. काकांनी तंबाखू मळून दाढेखाली धरली. मग म्हणाले, तुझ्या आजोबांचं घर मातीचं आणि गवताचं होतं, त्यांच्या धाकट्यांनी कुठे तक्रार केली होती?

म्हणून लिहितोय. परवा शनिवारी उजाडताच रीतीप्रमाणे काका पुढे झाले, त्यांच्यामागे मी कोंबडा घेऊन आणि पेरेझ विस्तव घेऊन, असे आम्ही बापाच्या फाटकातून बाहेर पडलो. ओढ्यापलीकडच्या आपल्या तुकड्यावर चर्चमधल्या माणसांनी खांब रोवले, बायकांनी माती लिंपली. कोंबडा रीतीचा की रात्रीच्या कालवणाचा, हे पास्टरांनी मुद्दामच विचारलं नाही. घर दोन खोल्यांचं आहे, भिंती अजून ओल्या आहेत. दगड मला नकोत. माझ्यावर रागवायचं असेल तर रागव, पण ते दगड तुझ्या घराला घे. त्या रात्री आम्ही दोघं नव्या घरात झोपलो आणि काल सकाळी काकांच्या साक्षीने मी सांगून टाकलं की मोठ्याचं घर झालं, आता ओकुमूने पाया खणावा.

तुझाच थोरला,
ओबुया