तांदळाच्या डब्यातली गोळी

मंगळवार, घोटावडे

दवाखान्यात आज रिपोर्ट मिळाला. वर्षभर एचआयव्हीच्या गोळ्या घेऊनही रक्तातला विषाणू दबलेला नाही. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चुकतात का?" मी मान हलवली. चुकतात. पण का चुकतात, हे कुठं कुणी विचारलं?

गोळ्यांची बाटली तांदळाच्या डब्यात, तळाशी. स्वयंपाकघरात जाऊबाई असल्या, पाहुणे आले, की त्या डब्यात हात कसा घालायचा? मग गोळी राहूनच जाते. माझा नवरा याच आजारानं गेला, हे घरात फक्त सासूबाईंना ठाऊक. त्यांचाच हुकूम, "कुणाला कळू देऊ नगंस. लपवून खा."

आज सगळे जेवायला बसले, तेव्हा मी डबा उघडला, तांदूळ बाजूला सारले आणि सगळ्यांसमोर गोळी गिळली.

"कसली गं गोळी?" जाऊबाईंनी विचारलं.

"एचआयव्हीची. रोज घ्यायची हाय, न्हाईतर मरंन."

सासूबाई रडायला लागल्या. दीर ताट सोडून उठले. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "तुजं ताट येगळं ठिवायचं का?"

"ठेवा. पण गोळी मी हितंच बसून घेणार."

उद्याही तिथंच बसणार.