फोनला नमस्कार

बेलघारी, दांग, नेपाळ
३ भाद्र, विक्रम संवत २०५५

चि. बुझावनास, दिदी सोनकलीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहोत. भातलावणी आटपली. तुझ्या भावजींचा गुडघा मात्र माझ्यापेक्षाही जास्त कुरकुरतो. गाईजात्रेचा तुझा विनोदी कार्यक्रम सगळ्यांनी मुखियाच्या अंगणात रेडिओभोवती बसून ऐकला. थारू पोरगा घोंगीचे शंख तोंडाला लावून रस्सा चोखतो आणि भिंतीपलीकडच्या घरमालकिणीला वाटतं की भाडेकरू रोज कुणाचे तरी मुके घेतोय, यावर मुखियाला ठसकाच लागला. काकी म्हणाली, मेल्याने घरातलं सगळं बाहेर सांगितलं.

क्लबचा लाहुराम मात्र भडकलाय. डोंगराकडचे लोक आधीच आपल्याला, थारूंना, हसतात, त्यांना आपणच आयता माल का पुरवायचा, असं त्याचं म्हणणं. माघीच्या सणाला तुला गावात पाऊल ठेवू देणार नाही म्हणे. त्याचं मी बघते.

माझं दुखणं वेगळं आहे. कार्यक्रमात तू सांगितलेली ती फोनची गोष्ट माझी आहे रे. नऊ वर्षांची थारू मोलकरीण, फोनमध्ये माणूस बोलतोय म्हणून त्याला हात जोडते, त्याच्यापुढे पाण्याचा लोटा ठेवते. तुला सांगताना मीच हसले होते. पुढचं सांगितलं नव्हतं. त्यानंतर पाहुणे आले की मालकीण मला हाक मारायची. पुन्हा नमस्कार, पुन्हा लोटा. दोन वर्षं. फोन म्हणजे काय ते मला केव्हाच कळलं होतं. रेडिओवर लोक हसले तेव्हा मी उठून गोठ्यात जाऊन उभी राहिले.

रागावले नाही. वेळेवर जेवत जा.

माया तशीच असलेली,
दिदी

काठमांडू
१४ भाद्र २०५५

ती. दिदीस, बुझावनचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र वाचलं आणि त्या दिवशी वर्गात मला धडा शिकवता येईना. क्लबनेही लिहिलंय, जातीची माफी माग. ती मी मागणार नाही. इथे माझं चौधरी हे थारू आडनाव ऐकलं की लोक आपापले विनोद काढतात. मीच आधी काढला तर लगाम माझ्या हाती राहतो. पण तुझी गोष्ट सांगताना तो मी सोडून दिला. माफी तुझी मागतो.

दशैंच्या, दसऱ्याच्या कार्यक्रमाला आयोजकांना फोनचीच गोष्ट हवी आहे. नाही म्हणालो, तर दुसरा माणूस बघतो म्हणाले. तू सांगशील तर स्टेजच सोडतो.

तुझ्या रागाचा हक्कदार,
बुझावन

बेलघारी
२ असोज २०५५

चि. बुझावनास, अ. उ. आ.

खुळा आहेस. स्टेज सोडून काय पोरांच्या वह्या तपासत म्हातारा होणार?

लाहुरामला मी सगळं सांगितलं. आता तुला अडवायचं नाव काढत नाही. त्याची आईही लहानपणी तशीच कामाला राहिलेली. मग बायकांच्या साक्षरता वर्गात मी मालकिणीची नक्कल केली. पाहुण्यांना कोपराने ढोसून ती मला कशी बोलवायची, ते अगदी तिच्या आवाजात. बायका लोळून हसल्या. लाहुरामची आई हसता हसता रडली आणि परत हसली.

तेव्हा सांग माझी गोष्ट. पण पुरी सांग.

कान रेडिओला लावून बसणारी,
दिदी

काठमांडू
२० असोज २०५५

ती. दिदीस, शि. सा. न.

रेडिओवर तू ऐकलंच असशील. पहिल्या नमस्काराला हॉल हशाने दणाणला. मालकिणीने दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा हसू अर्ध्यावर आलं. तिसऱ्या हाकेला खुर्च्यांची करकर ऐकू येत होती. आयोजकांनी चहासुद्धा विचारला नाही. पुढच्या वर्षीचं आमंत्रण काही येत नाही.

रेडिओवर न आलेलं सांगतो. बाहेर पडताना भारी शाल पांघरलेल्या एक वयस्क बाई माझी वाट पाहत उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, त्या मुलीचं नाव काय? मी म्हणालो, सोनकली चौधरी, माझी दिदी. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाल्या, आमच्याकडेही एक होती, सहा वर्षं. आणि तिथेच पायरीवर उभ्या राहून बराच वेळ आठवत राहिल्या. नाव काही त्यांना आठवलं नाही.

माघीला येतोय. लाहुरामला म्हणावं, गावात येऊ देशील ना?

तुझ्या हाकेला ओ देणारा,
बुझावन