एसीच्या पाण्यावरची बोर

१२ मार्च २०२५
सिद्र कमरेएवढं झालं! सिद्र म्हणजे इथली रानबोर. बाजारातून आणलेली बोरं खाऊन बी मीच कंपाउंडलगतच्या वाळूत टोचली होती. आखाती वाळवंटातल्या या मंगफ गावात, आमच्या अख्ख्या गल्लीत दुसरं झाड नाही. वरच्या मजल्यावरच्या सर्फराजला मुद्दाम खाली बोलावून दाखवलं. "माशाल्ला, उदयभाई," म्हणाला. फोटोही काढला त्यानं.

२ मे
एसीचं ठिबकणारं पाणी नळीनं थेट बुंध्याशी सोडलं. दिवसरात्र पाणी, तेही फुकट! उगाच नाही इंजिनियर झालो. लता म्हणते, "अहो, किती पाजाल? पानं पिवळी पडलीत." ती नर्स आहे, तिनं माणसांचं बघावं.

१४ जून
अबोलीला पुण्याच्या डिझाइन कॉलेजात प्रवेश मिळाला. सगळ्या मंगफला सांगून आलो. पण पाठवायची नाही. एकटी पोर, होस्टेल, आजारी पडली तर कोण? इथं काय कॉलेजं नाहीत? "बाबा, आय कॅन मॅनेज," म्हणाली. अंडं उकडता येत नाही तिला. कॉलेज पंधरा ऑगस्टपर्यंत जागा ठेवणार आहे.

५ जुलै, चिपळूण
सुट्टीवर आलो. विमानात बसल्यावर आठवलं — निघताना घरातले सगळे एसी बंद केले. मीच, स्वतःच्या हातानं. म्हणजे नळी कोरडी. तिकडे पन्नास डिग्री! सर्फराजही गावी गेलाय, पाणी घालायला कुणी नाही. लताला सांगितलं, तर ती खिडकीबाहेर बघत हसली.

२० जुलै
झाड गेलं असणार. जेवणात लक्ष नाही. अबोली माझ्याशी बोलत नाही.

९ ऑगस्ट, मंगफ
टॅक्सीतून उतरलो, बॅगा तिथंच टाकून आधी कंपाउंडकडे. जिवंत आहे! नुसतं जिवंत नाही, वीतभर नवी पालवी. एक पान पिवळं नाही. नळीत कोळ्यानं जाळं केलंय.
"पाणी तुटलं तेव्हा मुळं खाली गेली त्याची," लता म्हणाली. अबोली शेजारी उभी होती. झाडाकडे नाही, माझ्याकडे बघत होती.
सर्फराजला फोटो पाठवला. शेवटी झाड कुणी लावलंय! मग नळी काढून गुंडाळून ठेवली. कोरडी होती, तरी हाताला जड वाटली.

११ ऑगस्ट
अबोलीचं पुण्याचं तिकीट काढलं. एकाच बाजूचं. फोन फक्त रविवारी करीन, असं तिला कबूल केलंय.